कँटोनीज शिव्यांचा ऑनलाइन कोर्स: घ्यावा का?

हाँगकाँगला नोकरीसाठी आलेल्यांना कुणी ना कुणी सुचवतंच असा एक छोटा ऑनलाइन कोर्स आहे, तिथल्या कँटोनीज भाषेतल्या नुसत्या शिव्या आणि उर्मट बोलण्यावरचा, तो मी केला, नाव देत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. शिव्या हाणायला शिकायचं असेल तर घेऊ नका. कुणी दिली तर कळावी आणि कुठं आपण गप्प बसावं, यासाठी मात्र पैसे वसूल.

सगळ्यात भारी भाग 'पुक गाय'चा (हसू नका, त्यांच्यात गाय म्हणजे रस्ता). रस्त्यात तोंडावर पड, म्हणजे मर तिकडे, असा अर्थ. पण बस सुटली, मोबाइल हातातून पडला की माणूस स्वतःशीच हे पुटपुटतो, चॅटवर तर नुसतं 'पीके' लिहितात, दोस्तांत कुणाला काही वाटत नाही आणि तेच टॅक्सीवाल्याला तोंडावर म्हणालात की भांडण पेटलंच. मॅडमनी हे वेगवेगळ्या आवाजात म्हणून दाखवलं, राग कुठला नि वैताग कुठला ते लगेच कळतं.

'हाम गा चान' मात्र मस्करीतही नको. अख्खं घरदार मरो असा तळतळाट आहे तो, त्यात चिनी नववर्षाच्या दिवसांत तर मरणाचं साधं नाव काढलेलं चालत नाही. आईवरून ज्या शिव्या आहेत त्या पटकन उरकल्यात, बरंच केलं, त्यात आपल्याला नवीन काय. आणि हो, एमटीआरमध्ये (तिथल्या मेट्रोत) घाण शिव्या दिल्या तर नियमाने दंड होऊ शकतो, हे पण सांगतात.

आता तक्रारी. सुरांची प्रॅक्टिस फारच कमी, आणि इथं सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. सात हा आकडा वरच्या सुरात म्हणायचा, खाली घसरला की शिवी, आणि नऊचा सूर खालून वर चढवायचा, तो सरळ वरच धरला तर तीपण शिवी! बाजारात भाव विचारताना हेच आकडे लागतात ना, समोरचा समजून घेतो बहुतेक वेळा, पण हसतो. यावर एक ऑडिओ क्लिप, बास.

दुसरं म्हणजे 'आ छा' कोर्समध्ये नाहीच. भारतीय-पाकिस्तानी लोकांना हिणवून म्हणतात, म्हणजे आपल्याला सगळ्यात आधी हाच कळायला हवा की नको? मी विचारलं तेव्हा मॅडमनी नीट सांगितलं, जुनी माणसं कधी सवयीने बोलून जातात पण शब्द अपमानाचाच आहे म्हणाल्या. मग कोर्समध्ये घाला की!

पाचपैकी साडेतीन स्टार. सुरांचा बेसिक कोर्स झाल्याशिवाय घेऊ नका.