इलेक्ट्रिक ब्लँकेट: तीन महिने वापरल्यावर, कंट्रोलर बदलून

नोव्हेंबरात घेतलं तेव्हाच लिहिणार होते, पण थांबले ते बरं झालं.

आम्ही निफाडचे. पारा ५-६ वर उतरला की इथे पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. घरावर पत्रा, खाली शहाबादी फरशी. आधी २००० वॅटचा हीटर होता. रात्री तीन तास लावला की ६ युनिट, महिन्याचे १८०. महावितरणचा दर १०० युनिटच्या वर गेला की केवढा चढतो हे सांगायला नको. एवढं करून गरम हवा वर पत्र्याला जायची आणि आम्ही खाली कुडकुडत बसायचो.

ब्लँकेट डबलबेडचं, १२० वॅटचं. त्यावर आई (सासूबाई) आणि माझी मुलगी झोपतात. चादरीखाली घडी न पडता अंथरायचं, झोपायच्या तासभर आधी 'हाय'वर लावायचं, वरून रजई घालून ठेवायची म्हणजे ऊब धरून राहते. आडवं होताना बंद. पाऊण तास विसरलं तरी पाव युनिटसुद्धा जळत नाही. पहिल्याच सकाळी आई म्हणाल्या, "आज गुडघ्यांनी झोपू दिलं गं."

माझा सगळा राग कंट्रोलरवरच्या, म्हणजे 'लो'-'हाय'-बंद करायच्या बटणाच्या डबीवरच्या, दिव्यावर आहे. 'लो' असो की 'हाय', दिवा तोच लाल. टायमर नाही. बटणाच्या तिन्ही जागा अंधारात हाताला सारख्याच लागतात. आईंना साखर आहे, पावलांना चटका कळत नाही. अशा माणसाखाली हे रात्रभर चालू राहिलं तर भाजेल. म्हणून मी रोज रात्री उठून बघायचे. वस्तू बनवणाऱ्याला एवढं सुचू नये?

संक्रांतीच्या रात्री दिवा लागला, गादी गारच. कंपनी म्हणे, कंट्रोलर सुटा मिळत नाही, सगळं ब्लँकेट पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा. वॉरंटी कार्डावर असं कुठेच नव्हतं. कार्डाचा फोटो पाठवला, सात फोन केले, १९ दिवसांनी कंट्रोलर आला. गावातला वायरमन उघडून देतो म्हणाला होता, पण अंथरुणातली वस्तू, मी नको म्हटलं. हे घमेल्यात निखारे आणून ठेवू म्हणाले, तेही नको म्हटलं. बंद खोलीत निखाऱ्यांचा वायू माणूस झोपेतच नेतो.

त्या १९ दिवसांत मी माळ्यावरची गोधडी काढली. आईंनी त्यांच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, टाके अजून घट्ट. मी पांघरायला दिली, तर त्यांनी ती गादीवर अंथरायला लावली. "थंडी खालून चढते." खरंच आहे, आमच्या गादीतला कापूस अंगाच्या वजनाने दबून पापड झालाय, त्यात हवा उरलेली नाही. दाराच्या फटीला लुगड्याचीच गुंडाळी लावली. विजेशिवाय निम्मी थंडी गेली. तोवर मी सगळं श्रेय ब्लँकेटला देत होते.

आता गादीवर गोधडी, तिच्यावर ब्लँकेट, मग चादर. 'लो'वर अर्धा तास पुरतो.

नव्या कंट्रोलरचाही दिवा तसाच आहे. 'बंद'च्या बाजूला मी खड्याची टिकली चिकटवली आहे, आई अंधारात बोट फिरवून बटण तिकडेच आहे ना बघतात. तुम्ही घेणार असाल तर दोन रंगांचा दिवा आणि आपोआप बंद होणारा टायमर असलेलंच घ्या, पाचशे रुपये जास्त पडले तरी. मी तेवढे वाचवायला साधं घेतलं.