अल्कलाईन पाण्याचं मशीन : दोन तारे, कारणांसकट

मशीन नेरुळच्या आमच्या घरी ओट्यावर बसून बरेच महिने झाले, त्यामुळे 'आधी वापरून बघा, मग बोला' असं कुणी सांगू नये. सौ.नं हास्यक्लबातल्या मैत्रिणीकडून घेतलं. किंमत लाखाच्या पुढे. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशी मशीनं विकणारे पुष्कळ आहेत, आणि माझं म्हणणं मशीनपेक्षा त्याच्याभोवती जमणाऱ्या मंडळींबद्दल जास्त आहे. माझी नोकरी टीटीसी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या, लॅबमध्ये गेली. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (सात म्हणजे मध्य, खाली आम्ल, वर अल्कलाईन), मोजता मोजता केस पांढरे झाले.

आधी चांगलं सांगतो. आतल्या कार्बनच्या कार्ट्रिजमुळे क्लोरिनचा वास जातो. साडेनऊ पीएचच्या पाण्यात राजमा आणि तूरडाळ लवकर शिजते, पण ते खाण्याच्या सोड्यानंही होतं. चहा मात्र बिघडतो. रंग काळपट येतो आणि चव जाते. आमच्याकडे चहाला अजून साधंच पाणी लागतं, यावर घरात एकमत आहे.

बाकी सगळे दावे रक्तातलं आम्ल, सांधे, शुगर आणि 'टॉक्सिन' यांच्याबद्दल. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. पाणी आधी पोटात पडतं आणि तिथलं आम्ल दीड ते साडेतीन पीएचचं. पेलाभर अल्कलाईन पाण्याचा तिथे काय टिकाव लागणार?

आता डेमो. तो आमच्याच क्लबहाऊसमध्ये झाला, समोसे-चहासकट. विकणाऱ्या मॅडमनी एका पेल्यात नळाचं, दुसऱ्यात आरओचं पाणी घेतलं, दोन्हींत धातूच्या कांड्या सोडल्या आणि बटण दाबलं. थोड्या वेळात नळाचं पाणी गढूळ, मग तपकिरी, वर घाणेरडा फेस. आरओचं मात्र जवळजवळ होतं तसंच स्वच्छ. 'बघा, आजवर आपण काय पीत होतो!' सगळा हॉल 'अरे बापरे' म्हणाला. मोरबे धरणाचं पाणी, भोकरपाड्याला शुद्ध होऊन येणारं, ज्यावर नवी मुंबईकर एरवी छाती फुगवतात, ते एका मिनिटात गटार ठरलं.

त्या कांड्यांत एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंजासारखा साका दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि रंगही येत नाही. घाण पाण्यातली नव्हे, कांडीची. मी उठलो, समोशांबरोबर ठेवलेल्या मिठातली चिमूट आरओच्या पेल्यात टाकली आणि बटण दाबायला सांगितलं. ते पाणी नळाच्या पाण्याहून जास्त तपकिरी झालं.

क्षणभर शांतता. मग मागून एक वहिनी म्हणाल्या, 'म्हणजे काका, मीठसुद्धा वाईटच की!' सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी या मशीनवाल्यांच्या पाण्याच्या ग्रुपवर कमी मीठ खाण्याबद्दल तीन फॉरवर्ड आले, खाली हात जोडल्याचे इमोजी. मी दिलेला पुरावा त्यांनी आपल्याच खात्यात जमा करून घेतला.

त्या ग्रुपवर प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं. गुडघा दुखायचा थांबला? पाण्यामुळे. नाही थांबला? रिकाम्या पोटी पिता ना, आणि किती लिटर? जास्तच दुखायला लागला? टॉक्सिन बाहेर पडतायत, थोडं सहन करा. ज्याला खरंच काही फरक पडत नाही, तो कंटाळून ग्रुप सोडतो. मग उरतात ते सगळे गुण आलेले. नवा माणूस आत येतो आणि त्याला दिसतं, इथे तर प्रत्येकालाच फायदा झालाय. त्यातल्या काही जणांना पुढच्या विक्रीवर कमिशन आहे, हे वेगळं सांगायला नको. पण खरं सांगायचं तर निम्म्यांना एक पैसाही मिळत नाही आणि तेच सगळ्यात जास्त हिरिरीनं बोलतात. काहींचं पोट खरोखर साफ व्हायला लागलं, कारण मशीन आल्यापासून ते दिवसभर पाणी पितात. ते साध्या पाण्यानंही झालं असतं, पण हे तिथे कोण बोलणार?

लिफ्टमध्ये मात्र दोघंतिघं बोलले. 'आमच्या हिच्या गुडघ्याला काही फरक नाही हो. पण क्लबात म्हटलं तर आम्हीच चुकीचं पितो असं ठरतं.' माझी मुलगी मानसशास्त्र शिकलेली. तिनं सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचा १९५१ सालचा प्रयोग सांगितला. रेघांच्या लांबीची तुलना करायची, उत्तर उघड दिसतंय, पण खोलीतले बाकीचे (सगळे आधी पढवलेले) एकमुखानं चुकीचं उत्तर देतात. अशा वेळी साधारण एक तृतीयांश उत्तरं चुकीच्या बाजूला गेली. पण एखादा जरी बरोबर बोलला, तर हा आकडा एकदम खाली येई. मिठाच्या चिमटीनं हॉल बदलला नाही, लिफ्ट मात्र थोडी बदलली असावी.

आणि हे तारे. २०१३ साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत एक अभ्यास आला. एका बातम्यांच्या साईटवर काही प्रतिक्रियांना संशोधकांनी सुरुवातीलाच एक खोटी पसंती दिली. तेवढ्यानं त्यांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. खोटी नापसंती दिली, तर ती लोक भरून काढत. या मशीनखाली पाच ताऱ्यांची जी रांग दिसते, तिची सुरुवात कुणी केली असेल, हे आमच्या ग्रुपवरचा 'सगळ्यांनी आजच रिव्ह्यू टाका' हा मेसेज वाचल्यावर मी विचारत नाही.

दोन तारे देतोय, ते कार्ट्रिजला आणि डाळीला. क्लोरिनचा वास नको असेल तर साधा कार्बन फिल्टर पुरतो, तो याच्या किंमतीच्या पासंगालाही लागत नाही. सर्व्हिसचा माणूस वेळेवर येतो, पण कार्ट्रिजचा भाव तोंडी सांगतो. बिल मागून घ्या. सौ. पाणी अजून तेच पिते. मी माठातलं.