पहिली फ्यूग किती आवाजांची? दोन, तीन की चार

फ्यूग म्हणजे एकच छोटी सुरावट (तिला विषय म्हणतात) एकेका आवाजाने पाठोपाठ म्हणत उभी राहणारी रचना. बाखच्या धाटणीची की-बोर्ड फ्यूग लिहायची म्हटलं की हौशी माणूस आधी विषय शोधतो आणि आवाज किती ठेवायचे ते पुढचं पुढे बघू म्हणतो. हा क्रम चुकतो. विषय किती लांब चालेल, तो किती उंच-खाली जाऊ शकेल, हाताला काय पेलेल हे सगळं आवाजांच्या संख्येवर ठरतं. आवाज म्हणजे इथे स्वतःच्या चालीने जाणारी एकेक स्वररेषा.

खालची तुलना ज्याला स्टाफ नोटेशन वाचता येतं, मेजर-मायनर पट्ट्या आणि कॅडेन्स ठाऊक आहेत आणि बाखची दोन-आवाजी इन्व्हेन्शन्स (एका आवाजाची दुसऱ्याने नक्कल करणारे छोटे तुकडे) हळू का होईना वाजवता येतात अशा माणसासाठी आहे. घरचा ६१ पट्ट्यांचा की-बोर्ड पुरतो. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’ या प्रेल्यूड-फ्यूगांच्या संग्रहाचा १७२२ चा पहिला भाग पूर्णपणे चार अष्टकांत बसतो, इथे तर पाच आहेत. सस्टेन पेडल मात्र विसरा. लांब स्वर बोटानेच धरायचा, त्यामुळे जे बोटाला धरता येत नाही ते लिहायचं नाही.

बाखने स्वतः काय निवडलं? पहिल्या भागातल्या २४ फ्यूगांपैकी दोन आवाजांची फक्त एक, तीनच्या ११, चारच्या १०, पाचच्या २. दुसऱ्या भागात तीनच्या १५ आणि चारच्या ९. दोन आवाजांची एकही नाही. म्हणजे जो प्रकार सर्वांत सोपा वाटतो त्याच्याकडे ४८ फ्यूगांत तो एकदाच वळला.

खालच्या तक्त्यात बार म्हणजे नोटेशनमधला एक मात्राखंड. समांतर पाचवी-आठवी म्हणजे दोन आवाजांनी पाचव्या किंवा आठव्या अंतराने सोबत सरकणं, ही चूक धरतात. एक्स्पोझिशन म्हणजे प्रत्येक आवाजाने विषय एकदा म्हणून होईपर्यंतचा सुरुवातीचा भाग.

| | दोन | तीन | चार |
|---|---|---|---|
| समांतर पाचवी-आठवी तपासायच्या जोड्या | १ | ३ | ६ |
| दोन बारांच्या विषयाला एक्स्पोझिशन | ४ बार | साधारण ८ बार | ९ ते १० बार |
| सुरावटीमागचा कॉर्ड | फक्त सुचवता येतो | बहुतेक वेळा पुरा | पुरा |
| हाताची अडचण | नाही | मधला आवाज | आतले दोन्ही |

दोन आवाज

जोडी एकच असल्यामुळे कागदावर चुका कमी होतात. खरी अडचण हार्मनीची आहे. दोन स्वरांत कॉर्ड पुरा होत नाही, त्यामुळे प्रत्येक ठोक्यावर कुठला कॉर्ड अभिप्रेत आहे हे सुरावटीनेच सांगावं लागतं. जोरदार ठोक्यावर तिसरं किंवा सहावं अंतर हवं. तिथे उघडी पाचवी किंवा आठवी आली की संगीत पोकळ वाटतं. चौथं अंतर इथे विसंवादीच धरायचं. शिवाय एक आवाज गप्प बसला की उरतो एकच, म्हणून विश्रांतीला जागा जवळपास नसते. चौथ्या बाराअखेर दोघांचीही ओळख होऊन गेलेली असते आणि नवा कोणी यायचा राहत नाही.

बाखची ती एकुलती दोन-आवाजी फ्यूग ई मायनरमधली, ४२ बारांची. तिच्यात १९ आणि ३८ या बारांत दोन्ही हात चक्क अष्टकात एकत्र धावतात. ते त्याने मुद्दाम केलंय. नवशिक्याने आपल्या चुकीच्या बचावासाठी ते पुढे करू नये.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल बाखने १७७५ मध्ये बाखचा चरित्रकार फोर्केलला लिहिलेल्या पत्रात सांगितलंय की वडील फ्यूग शिकवताना सुरुवात दोन आवाजांपासूनच करत. पण त्याच पत्रात हेही आहे की सिद्धांतकार फुक्सच्या काउंटरपॉइंटचे (आवाजावर आवाज रचण्याचे) कोरडे धडे बाजूला ठेवून ते विद्यार्थ्याला सर्वांत आधी चार आवाजांतला शुद्ध फिगर्ड बास शिकवत. बासच्या स्वराशी लिहिलेल्या आकड्यांवरून वरचे आवाज जागच्या जागी वाजवायचे, हा रियाज. त्यानंतर कोराल, म्हणजे चर्चमधली स्तोत्रं. असा विद्यार्थी दोन आवाज लिहायला बसला तेव्हा न लिहिलेले दोन आवाज त्याच्या बोटांत होते. आजच्या हौशी माणसाकडे ते नसतात, आणि बाखचा क्रम अर्धाच उचलून तो अडकतो.

फिगर्ड बासचा हात असेल तर दोन आवाज जरूर घ्या. नसेल आणि तरीही दोनच हवे असतील, तर फ्यूगपेक्षा इन्व्हेन्शन लिहा. तिथे दुसरा आवाज अष्टकावर नक्कल करू शकतो, पंचमावरच्या उत्तराचं, म्हणजे दुसऱ्याने विषय पंचमाच्या पट्टीत म्हणण्याचं, बंधन नसतं. सी मेजरमधल्या पहिल्या इन्व्हेन्शनमध्ये डावा हात अर्ध्या बारानंतर तेच अष्टकभर खाली म्हणतो आणि सगळं २२ बारांत आटोपतं.

तीन आवाज

बहुतेकांनी हेच घ्यावं. तिसरा आवाज आल्याने कॉर्ड ऐकू येऊ लागतो, एकाला गप्प करूनही दोन उरतात, आणि तिघांपैकी एकजण कायम दोन हातांच्या मधे मोकळा असतो. नमुना म्हणून पहिल्या भागातली सी मायनर फ्यूग समोर ठेवा. ती ३१ बारांची आहे, विषय दोन बारांचा, संपूर्ण विषय आठ वेळा येतो आणि स्ट्रेट्टो, म्हणजे एकाचा विषय संपण्याआधी दुसऱ्याने तोच सुरू करणं, एकदाही नाही. पहिल्या प्रयत्नाला स्ट्रेट्टो लागत नाही याचा हा भक्कम पुरावा.

आधी उत्तर. विषय पंचमाच्या पट्टीत नेला की उत्तर तयार होतं, पण जसाच्या तसा नेला तर पुष्कळदा बिघडतं. या फ्यूगचा विषय सरगमीत असा सुरू होतो: सा नि सा प कोमल ध. (मधला ‘प’ खालचा.) पंचमाला सा धरून सरळ उचलला तर होईल: प तीव्र-म प रे कोमल ग. बाखने चौथा स्वर बदलून रेऐवजी सा ठेवलाय, बाकी सगळं तसंच. कारण रे म्हणजे पंचमाचा पंचम. तोंडाशीच तो ठळकपणे आला तर नुकता लागलेला षड्ज पुसला जातो. म्हणून विषयाच्या सुरुवातीला ठळक प असेल तर उत्तरात तिथे सा. विषयात सुरुवातीला प नसेल तर सहसा काही बदलावं लागत नाही. पहिल्या फ्यूगचा विषय मूळ पट्टीतच संपणारा ठेवा, पंचमाकडे सरकत संपणारा नको. नाहीतर उत्तराचं शेपूटही वळवून परत आणावं लागतं.

मग प्रतिविषय, म्हणजे उत्तराच्या सोबतीला येणारी ठरलेली ओळ. ही विषयाच्या वरही बसली पाहिजे आणि खालीही. उलटल्यावर अंतरं बदलतात: तिसऱ्याचं सहावं होतं, सहाव्याचं तिसरं, दुसऱ्याचं सातवं, आणि पाचव्याचं चौथं. गोची या शेवटच्यात आहे. वर असताना गोड लागलेली पाचवी, उलटल्यावर बासच्या वरची चौथी बनते, आणि ती विसंवादी. त्यामुळे प्रतिविषय लिहिताना पाचवी फक्त जाता जाता, कमजोर ठोक्यावर वापरा. उलटून बघायचं काम ओळ लिहून झाल्यावर लगेच करा, फ्यूग २० बार पुढे गेल्यावर नाही. बहुतेक अर्धवट सोडलेल्या फ्यूगा इथेच अडतात: बासमध्ये विषय आणायची वेळ येते आणि प्रतिविषय वर बसतच नाही.

लयीचंही बघा. विषयात सोळावे (सोळांश स्वर) धावत असतील तिथे प्रतिविषयात लांब स्वर, आणि उलट. दोघं एकाच लयीत चालले तर फ्यूगचं भजन होतं, सगळे एका सुरात टाळ कुटणारं.

दोन प्रतिविषय केले तर तीन ओळी सहा प्रकारे एकमेकांवर रचता येतात. सगळ्या वापरायची गरज नाही, दोन-तीन पुरतात. तिसरी ओळ जमत नसेल तर एकच प्रतिविषय ठेवून तिसरा आवाज मोकळा लिहा. मात्र त्या मोकळ्या आवाजाचं ‘भरतीचं सामान’ होतं, हे तीन आवाजांचं खास दुखणं आहे. तो कॉर्डमधला उरलेला स्वर धरून बसतो किंवा एकाच स्वरावर ठोके देत राहतो. अशा ठिकाणी त्याला सरळ गप्प करा. बारभराची विश्रांती घेऊन तो विषय घेऊन परतला की कानाला लगेच कळतं.

बारांचा आराखडा सी मायनरवरूनच घ्यावा. पहिला प्रवेश मधल्या आवाजात, तिसऱ्या बारात वरच्यात उत्तर. मग ५-६ हे दोन बार जोडणीचे: उत्तर पंचमाच्या पट्टीत संपलेलं असतं आणि पुढचा प्रवेश मूळ पट्टीत हवा, म्हणून परतायला वेळ लागतो. ७ व्या बारात बास. मधून बाहेर जायचा हा क्रम सोयीचा, कारण प्रत्येक नवा प्रवेश वरच्या किंवा खालच्या काठावर होतो. वाजत्या दोन आवाजांच्या मधे नवा आवाज घुसवला तर तो कोणालाच ऐकू येत नाही. ११ व्या बारात विषय ई फ्लॅट मेजरमध्ये, १५ व्यात जी मायनरमध्ये, २० व्यात पुन्हा मूळ पट्टीत. मधल्या जागा एपिसोडच्या: विषयाचा एखादा तुकडा घ्यायचा आणि तो पायरी-पायरीने सरकवत पुढच्या पट्टीपर्यंत न्यायचा. तुकडा तीनदा सरकवला की पुरे. चौथ्यांदा आला तर ऐकणाऱ्याला पाचवाही आधीच कळलेला असतो.

हाताचा नियम एकच: मधला आवाज प्रत्येक ठोक्याला वरच्यापासून किंवा खालच्यापासून अष्टकाच्या आत हवा. दोन्हीकडून दूर गेला तर कुठलाच हात पोचत नाही.

चार आवाज

याची ओढ समजण्यासारखी आहे. कॉर्ड पुरे होतात, शेवट भारदस्त लागतो. गोव्यातल्या चर्चच्या कॉयरमध्ये सोप्रानो-आल्टो-टेनर-बास गात वाढलेल्याला चार ओळींची सवयही असते आणि त्याला स्वर वाटून द्यायला वेळ लागत नाही. गंमत म्हणजे नेमकी हीच सवय फ्यूगमध्ये आड येते. हात उभे कॉर्ड रचत जातात आणि तयार होतं ते विषय चिकटवलेलं स्तोत्र.

तपासायच्या जोड्या तीनवरून सहा होतात. सोप्रानो-टेनरमधली समांतर पाचवी काढायला टेनर हलवला की टेनर-बासमध्ये समांतर आठवी उभी राहते. ती काढावी तर आल्टो अडतो. तिसऱ्या-चौथ्या प्रवेशाच्या आसपास हे हमखास होतं, कारण तिथे प्रतिविषयाखेरीज एक-दोन मोकळे आवाज सांभाळायचे असतात. वाजवताना आल्टो उजव्या हातात सोप्रानोच्या अष्टकात आणि टेनर डाव्या हातात बासच्या अष्टकात हवा, किंवा तीन आवाज एका हातात मावले पाहिजेत. विषयाचा पल्ला अष्टकाबाहेर गेला तर चार जणांना चार अष्टकांत दाटी होते.

प्रवेशाचे दोन क्रम निर्धोक. पहिल्या भागातल्या डी मेजर फ्यूगमध्ये बास, टेनर, आल्टो, सोप्रानो असं खालून वर. सी मेजरमध्ये आल्टो, सोप्रानो, टेनर, बास. दोन्हींत प्रत्येक नवा आवाज काठावरच येतो. ही सी मेजर फ्यूग मात्र नमुना म्हणून घेऊ नका: २७ बारांत विषय २४ वेळा येतो, स्ट्रेट्टोवर स्ट्रेट्टो. असा विषय सुचत नसतो, तो आधी स्वतःशीच वेगवेगळ्या अंतरांनी भिडवून घडवावा लागतो. चार आवाज निवडलेच तर लक्षात ठेवा की बाखही चौघांना सतत बोलू देत नाही. एपिसोड तीन आवाजांत, जमल्यास दोनांत लिहा आणि चौघांना एकत्र प्रवेशांसाठी व शेवटासाठी राखून ठेवा.

लिहायचं कशावर

आवाज कितीही असोत, पहिला मसुदा प्रत्येक आवाजाला वेगळी स्टाफ देऊन लिहा. बाखची ‘आर्ट ऑफ फ्यूग’ १७५१ मध्ये अशाच मांडणीत छापली गेली. दोन स्टाफवर सुरुवातीपासूनच लिहिलं तर आवाज एकमेकांना ओलांडताना दिसत नाहीत आणि तीन आवाजांच्या फ्यूगमध्ये कुठूनसा चौथा स्वर घुसतो. म्यूझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि यासाठी पुरेसं आहे. पण त्याच्या प्लेबॅकवर भरवसा ठेवू नका. सगळे आवाज पियानोच्या एकाच रंगात वाजले की मधल्या आवाजाचा लंगडेपणा लपतो. तपासताना वरच्याला ओबो, मधल्याला क्लॅरिनेट, खालच्याला बसून (bassoon) या वाद्याचा आवाज द्या. मग एकेक जोडी ऐका, तिसरा बंद करून. शेवटी दोन स्टाफवर आणा आणि की-बोर्डवर हळू वाजवा.

तीन निवडल्यावरही चौथ्याची हुरहुर राहिली, तर तिलाही जागा आहे. सी मायनर फ्यूगच्या शेवटच्या तीन बारांत बासमधला सी लांब धरलेला आहे, वर सोप्रानोत विषय शेवटचा येतो आणि त्याच्या आजूबाजूला बाखने तीनपेक्षा जास्त स्वर भरून कॉर्ड जाड केले आहेत. अगदी शेवटी मायनरचा कोमल ग शुद्ध होतो. तिथे तेवढे जास्तीचे स्वर खुशाल घाला.