वसई किल्ल्यातील वारसा-फेरी: तटाच्या आतला इतिहास आणि तटाबाहेरच्या आठवणी

वसईचा किल्ला पाहायला वाटाड्या कशाला हवा, असे पुष्कळांना वाटते. वाटा रुळलेल्या आहेत आणि भिंती पावलोपावली दिसतात. पण एकट्याने फिरणाऱ्याला वडाच्या मुळांनी कवटाळलेली पडकी बांधकामे तेवढी दिसतात. त्यांतले चर्च कोणते, मठ कोणता आणि कोठार कोणते, हे उमगण्याआधीच ऊन डोक्यावर येते. परिसरातील काही निवृत्त शिक्षक आणि तरुण मिळून सुट्टीच्या दिवशी सकाळी जी वारसा-फेरी काढतात, तिच्यात मी नुकताच सहभागी झालो. वसईचा इतिहास पुस्तकांतून वाचलेल्यांनीही ही फेरी करावी, अशी माझी शिफारस आहे. त्याचे मुख्य कारण असे की किल्ल्यात काय घडले ते सांगून ही मंडळी थांबत नाहीत. किल्ल्याच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांनी त्यातले काय लक्षात ठेवले, हेही त्यांना ऐकवायचे असते.

फेरी चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापासून सुरू होते. पहिल्या टप्प्यात पार्श्वभूमी सांगितली जाते आणि ती बेताची आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, पुढे दमणपासून खाली पसरलेल्या त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे वसई हे मुख्य ठाणे झाले, आणि मुंबई तेव्हा वसईच्या छायेतले एक बेट होते, एवढे सांगून आमचे मार्गदर्शक पुढे निघाले. त्यांनी सनावळ्यांचा मारा केला नाही, हे बरे झाले. मात्र १६१८ च्या वादळाचा उल्लेख त्यांनी आवर्जून केला. किनाऱ्यावरच्या वस्तीचा इतिहास राजांइतकाच वारा-पावसाने घडवलेला असतो, हे भान एरवीच्या किल्लेदर्शनात क्वचितच राखले जाते.

सर्वांत जमून आलेला भाग गोन्सालो गार्सिया चर्चमधला. याच वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झालेले गोन्सालो गार्सिया यांना १८६२ साली संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत. चर्चच्या दर्शनी भागातील खांब आणि कमान पाहून लोक छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. आम्हाला मात्र जमिनीकडे पाहायला सांगण्यात आले. तिथे थडग्यांच्या शिळा फरशीसारख्या बसवलेल्या असून त्यांवर पोर्तुगीज अक्षरे कोरलेली आहेत. मार्गदर्शकांनी एका शिळेवर बाटलीतले थोडे पाणी ओतले, तळव्याने ते पसरवले, आणि तोवर सपाट वाटणाऱ्या दगडावर एकेक अक्षर ओलाव्याने गडद होत वर आले. खडू किंवा कोळसा घासून अक्षरे उठवू नका, असेही त्यांनी बजावले. वारसा जपण्याचा हा धडा व्याख्यानाविना झाला आणि सोबतची मुले पुढे प्रत्येक शिळेपाशी वाकून पाहू लागली.

आता या फेरीचे जे खरे बळ, त्याविषयी. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी दीर्घ वेढ्यानंतर वसई घेतली. सुरुंग लावून तट फोडल्याची हकीकत, किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तोफेने आत उडवा, हे चिमाजी अप्पांच्या तोंडी घातले जाणारे वाक्य, वज्रेश्वरीला केलेला नवस, हे सारे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मार्गदर्शकांनीही ते रंगवून सांगितले, पण कागदपत्रांतून काय दिसते आणि लोककथेत काय आले, याची सीमारेषा ते प्रत्येक वेळी स्पष्ट करत होते. मग त्यांनी चर्चच्या घंटांचा विषय काढला. विजयानंतर वसईहून गेलेल्या घंटांपैकी एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे, तिच्यावर १७२१ हे वर्ष आहे. १७०७ ची दुसरी वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेच्या घाटावर आहे. मेणवलीची घंटा मी अनेकदा पाहिली होती, परंतु ती जिथून निघाली त्या जागी उभे राहून हे ऐकणे निराळे होते. पोर्तुगीज शरणागतीच्या अटींनुसार निघून गेले, पण इथले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी कुठेच गेले नाहीत, ते याच मातीतले होते. त्यांच्यासाठी त्या वर्षाचा अर्थ काय असेल, हा प्रश्न मार्गदर्शकांनी सर्वांसमोर ठेवला. गटातल्या एका वयस्कर ख्रिस्ती गृहस्थांनी त्यावर आपल्या घरात काय सांगितले जाई ते शांतपणे सांगितले, आणि कोणीही त्यांना अडवले नाही. एकाच वर्षाच्या दोन आठवणी अशा शेजारी बसू शकतात, याची आज फार गरज आहे.

तरीही पोर्तुगीज अमदानीतील धर्मांतरे, पाडलेली देवळे आणि गोव्यातील धर्मन्यायालयाचा वसईपर्यंत पोहोचलेला धाक हा भाग दोन-चार वाक्यांत उरकला गेला, हे मला पटले नाही. घंटांच्या बाबतीत दाखवलेला मोकळेपणा इथेही हवा होता. हाच संकोच १८०२ च्या तहाबाबत दिसला. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह केला तो वसईतच, आणि पेशवाईच्या अस्ताची ती मोठी पायरी होती; इतकी महत्त्वाची घटना चालता चालता सांगून टाकणे योग्य नाही.

सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यापासून बंदर दरवाजाकडे गेले की फेरीचे स्वरूप बदलते. तट ओलांडून आपण किल्लाबंदरच्या कोळीवाड्यात शिरतो. इथे सूत्रे गावातल्या एका मावशींकडे जातात. बांबूंच्या वलांडीवर तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील वाळत होते आणि मावशी बोलता बोलता ते चाचपून पाहत होत्या. डोलीचे जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर कसे चालते, उधाणात मासळी कशी लागते आणि भांगाच्या, म्हणजे भरतीची ओढ मंद असलेल्या, दिवसांत जाळे का सैल पडते, हे त्यांच्याइतके सोपे करून मला आजवर कोणी सांगितले नव्हते. घरात किती होड्या होत्या, कोणत्या वर्षी कोणती गेली, लग्नात कोणती गाणी म्हणत, हे त्यांना मुखोद्गत आहे. दुर्दैवाने या टप्प्याला सर्वांत कमी वेळ मिळतो. आमच्या गटातील निम्म्या लोकांना परतीची घाई झाली होती आणि मावशींचे बोलणे मध्येच आवरते घ्यावे लागले. आयोजकांनी किल्ल्यातला एखादा थांबा कमी करून हा वेळ वाढवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण भिंती पुढच्या वर्षीही उभ्या असतील, मावशींच्या पिढीचे सांगणे मात्र कोणी ध्वनिमुद्रित केल्याचे मला दिसले नाही.

आणखी एक उणीव आहे. वसई ही कोळ्यांची आहे तशीच लाल लुगड्यातल्या कुपारी (इथल्या ख्रिस्ती शेतकरी समाजातल्या) बायांची, सामवेदी ब्राह्मणांची, वाडवळांची, भंडाऱ्यांची, आगऱ्यांची आणि मुसलमानांचीही आहे. केळीच्या बागा, रहाटाने पाणी खेचणाऱ्या विहिरी, आगाशीची सुकेळी (वाळवलेली केळी), १९९० च्या सुमारास हरित वसईसाठी लोकांनी दिलेला लढा, हे सगळे या किनाऱ्याच्या आठवणींचा गाभाच आहे. एका सकाळीत एवढे बसणार नाही, हे मान्य. पण मग बागायती पट्ट्यासाठी स्वतंत्र फेरी काढावी. अशी फेरी निघाली तर मी पहिल्या दिवशी नाव नोंदवीन.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. गट मोठा असल्याने मागे राहणाऱ्यांना नीट ऐकू येत नाही, तेव्हा मार्गदर्शकांच्या जवळ राहावे. हाती दिलेल्या नकाशावर चर्चची नावे आहेत, पण अंतरे नाहीत. पायात पकड असलेले बूट असावेत, कारण मनोऱ्याच्या गोल जिन्याच्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, आणि पाणी सोबत घ्यावे. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेकडून किल्ल्याकडे बस आणि रिक्षा मिळतात. हिवाळ्यातली सकाळ सर्वांत सोयीची, तेव्हा ऊन सुसह्य असते आणि कोळीवाड्यातल्या वलांड्याही भरलेल्या असतात; जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असल्याने फेरीचा शेवटचा टप्पा ओका वाटण्याचा संभव आहे.