फाट्यावरचं निळं गॅरेज: काम पाच स्टार, बंद काहून राह्यते तेही वाचा

स्प्लेंडर, प्लॅटिना, एचएफ डिलक्स असल्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी लिहून राह्यलो. बुलेटवाल्यांनी दुसरीकडं पाहा, त्याचे पार्ट हा मिस्त्री ठेवत नाही. अमरावती-यवतमाळच्या मधात एका फाट्यावर निळ्या टिनाचं दुकान आहे, इकडच्या लोकांले एवढं म्हटलं का समजते. फाट्याचं नाव आणि मिस्त्रीचं नाव मुद्दाम टाकलं नाही, काहून ते पुढं वाचलं का समजन.

पहिले कामाचं. माह्या स्प्लेंडरच्या इंजिनातून टकटक आवाज येत होता, तालुक्याच्या एका मोठ्या गॅरेजवाल्यानं पाहताबरोबर सांगून टाकलं का हेड खोला लागते, चार-पाच हजार पकडून चाला. मंग इथं आणली. यानं गाडी चालू ठेवली, लंबा स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक हेडवर टेकवलं आणि मूठ कानाले लावून डोळे मिटून आयकत बसला, डॉक्टर आयकते तसा. म्हणे दादा, टॅपिट सैल आहे, बाकी काही नाही. पण गरम इंजिनले हात लावत नाही म्हणे, गरममधी सेटिंग बरोबर बसत नाही. तास-दीड तास मले समोरच्या पानठेल्यावर बसवलं (तिथला चहा पिऊ नका, नुसतं साखरेचं पानी), मंग पत्तीचा गेज लावून सेटिंग केली, चेनही टाइट करून देल्ली, आणि घेतले किती तर दीडशे रुपये. तेव्हापासून गाडी शिवणयंत्रासारखी चालून राह्यली.

आता या दुकानाबद्दल लोकं जे खराब लिहितात ते. एक जण म्हणते दुकान कधी उघडं कधी बंद, भरवसा नाही. दुसरा म्हणते पंक्चरले गेलो तर आरसीचा फोटो मागते, हा काय आरटीओ आहे का? तिसऱ्याले राग का दिवस बुडाला का हा शटर पाडते, आपण शेतातून येतोच सातले. आणि जुना पार्ट कितीही मागा, लावत नाही, नवाच घ्या म्हणते. हे सगळं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण काहून, ते कोणी विचारलं का?

मिस्त्री पारधी आहे. बेडा, म्हणजे पारध्यायची वस्ती, तिथून जवळच आहे. एवढं सांगतलं तरी इकडच्या अर्ध्या लोकांले बाकीचं समजून जाते.

क्लचच्या कामाले गाडी टाकली होती तेव्हा मी समोर होतो. कव्हर खोललेलं, प्लेटा पेपरवर मांडलेल्या, त्याचे हात कोपरापर्यंत ऑइलचे. एका गाडीवर दोघं आले, साध्या कपड्यात, एकाच्या कमरेले बिल्ल्याचा पट्टा दिसला म्हणून समजलं का पोलीस आहेत. नाव नाही विचारलं, काही नाही, "चाल बे, साहेबानं बोलावलं." मी म्हटलं काहून नेता जी, तर म्हणे तुमचं काय आहे त्यात, नुसती चौकशी आहे. कुठं तरी गोदामातून सोयाबीनचे कट्टे गेले होते. ज्या रात्री गेले त्या रात्री हा कुठं होता हेही विचारलं नाही. त्यानं फक्त हात पुसले, माह्याकडं पाह्यलं आणि म्हणे दादा, प्लेटा पेपरात गुंडाळून ठेवा, धूळ बसन. गेला मांगं बसून. एवढ्या सवयीनं गेला ना का मलेच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं. कागद नाही, नोटीस नाही, डायरीत नोंद आहे का नाही कोणाले माहीत. बायको लेकरू घेऊन ठाण्याच्या बाहेर झाडाखाली बसून होती. कट्टे नेणारे पुढं तिसरेच निघाले, पण ते सांगाले कोणी फाट्यावर आलं नाही, आणि त्या दोन दिवसात जे गिऱ्हाईक शटर पाहून परत गेलं त्यातलं कोणीतरी इथं एक स्टार देऊन मोकळं झालं असन.

म्हणून तो आरसीचा फोटो. गाडी आत घेतली का नंबर, मालकाचं नाव, मोबाईल, सगळं वहीत. पार्टाचं बिल प्लास्टिकच्या फायलीत, आणि काढलेला जुना पार्ट पिशवीत बांधून तुमच्याच हँडलले लटकवून देते, स्वतःजवळ ठेवत नाही. दुसऱ्या मिस्त्रीकडं भंगारात इंजिन पडलं असलं तर ते भंगार, याच्याकडं असलं तर तो मुद्देमाल. अंधारात दुसऱ्याची गाडी ट्रायलले काढत नाही तेही म्हणूनच. खोटं वाटत असन तर एकदा वही पाहून घ्या, इतका हिशोब आमच्या सोसायटीतही नाही.

इंग्रजायनं १८७१ मधी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, पुढं त्यात पारधीही लिहून टाकले, हजेरी द्या, गाव सोडायचं तर परवानगी घ्या. ३१ ऑगस्ट १९५२ ले तो रद्द झाला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन करतात. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडं १९५९ चा, आणि ठाण्यातली नजर तर कोणी रद्द केलीच नाही. सुप्रीम कोर्टानं ३ ऑक्टोबर २०२४ ले जेलातल्या जातीभेदाच्या केसमधी साफ सांगतलं का विमुक्त जमातीच्या लोकांले मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी डी. के. बसू आणि अर्नेश कुमार या जुन्या केसमधले अटकेचे नियम पाळावे. बसूचा निकाल तर १९९६ चा आहे. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी पाहिजे, अटकेचा कागद पाहिजे त्यावर साक्षीदाराची सही पाहिजे, घरच्यांले कळवलं पाहिजे. नुसत्या चौकशीलेही लेखी बोलवा लागते, आणि अटक केली तर २४ तासात मॅजिस्ट्रेटसमोर. तालुका कोर्टात विधी सेवा समितीचे एक वकील बसतात त्यायनं मले हे समजावून सांगतलं. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यायले वकील फुकट भेटते, कमाई किती ते विचारत नाहीत, १५१०० वर फोन लावला तरी चालते. मिस्त्रीले हे सांगतलं तर तो हसला. म्हणे दादा, ठाण्यात कायदा बोललो तर एका रातीचं चार राती होईन.

यावर काही जण म्हणतीन का पारध्यात चोर नाहीत का? असतीन ना बावा. आमच्या गावात सोसायटीचं खत गेलं, आपल्याच आळीतला निघाला, चांगल्या घरचा. मंग आमच्या आळीतले पोट्टे रांगेत उभे केले का कोणी? पुढच्या चोरीले आमच्या दारात जीप आली का? बेड्यावर मात्र जीपचा लाइट दिसला का माणसं वावरात जाऊन झोपतात, कापूस वेचणीच्या दिवसातही, आणि सकाळी मजुरीले आले नाही का आपणच म्हणतो हे लोकं कामाचे नाही. मिस्त्रीची पोरगी आश्रमशाळेत शिकून राह्यली, सुट्टीत आली का वही तीच लिहिते. अक्षर पाहाल तर मस्त.

कामाले पाच, भावाले पाच. टाइमिंगचे स्टार मी कापत नाही, ते ज्याचे कापायचे त्याच्या नावाचं पान इथं नाही. जायचं असन तर सकाळी नऊनंतर जा, आरसीचा फोटो मोबाईलात ठेवा, शटर बंद दिसलं तर बोर्डावर नंबर आहे, पहिले फोन लावा. फोन बंद असला तर पानठेलेवाल्याले विचारा, त्याले माहीत राह्यते कुठं नेलं ते. क्लच प्लेटचं काम असन तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, सामान तालुक्याहून आणा लागते.