गादीवरून राजकारण बोलावं का? गप्प राहणं, प्रश्नावर बोलणं आणि माणसाच्या मागे उभं राहणं

निवडणूक जवळ आली की गावोगावच्या सप्ताहांना नवे अन्नदाते मिळतात. मंडप त्यांचा, काल्याची पंगत त्यांची. कीर्तन रंगात आलं की संयोजकांकडून एक चिठ्ठी पुढे सरकते. तिच्यावर नाव असतं, पद असतं आणि खाली ‘दोन शब्द बोला’ अशी विनंती. पखवाज थांबलेला, टाळकरी महाराजांच्या तोंडाकडे बघत उभे, समोर पहिल्या रांगेत ते भाऊ स्वतः बसलेले. त्या क्षणी ठरवायला गेलं तर भिडेपोटीच ठरतं. म्हणून कीर्तनकार असोत, मठाधिपती, इमाम किंवा फादर, ज्यांच्या शब्दाला लोक मान देतात त्यांनी हे आधीच ठरवून ठेवावं. वाटा तीन आहेत. माझं मत लपवत नाही: प्रश्नावर बोलावं आणि खणखणीत बोलावं, पण कुणा एका माणसासाठी गादी पणाला लावू नये.

गप्प राहणं

ही वाट मी कमी लेखत नाही. फडावर टाळ धरून उभ्या असलेल्या दोघांपैकी एक सत्ताधाऱ्यांचा कार्यकर्ता असतो, दुसरा विरोधकांचा, आणि कीर्तन संपल्यावर दोघं एकाच पंगतीला बसतात. गावात अशा जागा आता फार उरलेल्या नाहीत. ती जपायची म्हणून कुणी राजकारणाचा विषयच काढत नसेल, तर त्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे.

पाथर्डी तालुक्यातल्या भगवानगडाने, म्हणजे संत भगवानबाबांच्या देवस्थानाने, हा निर्णय घेऊन दाखवला होता. गोपीनाथ मुंडे यांच्यापासून तिथे दसऱ्याचा मोठा मेळावा व्हायचा. महंत नामदेव शास्त्री यांनी गडावर राजकीय भाषणांना नकार दिला आणि २०१६ मध्ये पंकजा मुंडे यांना सभा पायथ्याशी घ्यावी लागली. पुढच्या वर्षी मेळावा सावरगाव घाटला गेला. ज्या समाजाची गडावर सर्वांत जास्त श्रद्धा, त्याच समाजाच्या लाडक्या नेत्याला हा नकार होता. तो सोपा नव्हता.

पण गप्प राहायचं तर पूर्ण गप्प राहावं लागतं. ‘आम्ही राजकारणात नाही’ म्हणायचं आणि उमेदवाराला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं, त्याच्यासोबतचा फोटो फ्लेक्सवर छापू द्यायचा, याला मौन म्हणत नाहीत. लोक ते बरोबर वाचतात. आणि काही वेळा मौन एका बाजूला आपोआप झुकतं. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, ते तनपुरे महाराजांच्या मठात. या वादात आम्हाला पडायचं नाही, असं म्हणून त्या मठाने दार लावून घेतलं असतं, तर तो कौल दार बंद ठेवू पाहणाऱ्यांच्याच बाजूचा ठरला असता.

प्रश्नावर बोलणं

गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. देवाला बकरं कापता, ते कशासाठी? कर्ज काढून लग्न कशाला? पोराला शाळेत का घालत नाही? शिवाशिव कुणी सांगितली? सावकारी, दारू, अस्पृश्यता हे विषय कुणाच्या तरी हितसंबंधांना धक्का देणारेच होते. तुकडोजी महाराजांना तर १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने तुरुंगात टाकलं. तेव्हा ‘संतांनी राजकारणात पडू नये’ हे आपल्याकडच्या परंपरेचं वाक्य आहे, असं मला वाटत नाही. अडचणीत आलेले पुढारी ते जास्त वापरतात.

अलीकडचं उदाहरण वसईचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो चर्चचे धर्मगुरू होते, ‘सुवर्ता’ मासिकाचे संपादक होते आणि हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत पुढे उभे होते. विषय पाणी, जमीन, झाडं आणि वसईच्या वाड्यांवर चालून येणारी बेसुमार बांधकामं. त्यामागे पैसा होता, दहशत होती, राजकीय वजन होतं. फादरनी प्रार्थनेपुरतं बोलावं, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण विहिरी आटल्या तर त्या सगळ्यांच्याच आटतात, रविवारी चर्चला जाणाऱ्याची आणि मंगळवारी गणपतीला जाणाऱ्याची वेगळी नाही. म्हणून त्या लढ्यात वेगवेगळ्या धर्मांचे लोक एकत्र उभे राहू शकले. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं.

गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांनी २०१८ च्या पत्रात संविधान धोक्यात असल्याचं लिहिलं आणि श्रद्धावंतांनी राजकारणात सक्रिय व्हावं असं सांगितलं. पत्रात पक्षाचं नाव नव्हतं. तरी टीका झाली, आणि ती होणारच. नाव न घेताही रोख कळतो, हा आक्षेप खरा आहे. मला त्यात दोष दिसत नाही, कारण पत्र वाचणाऱ्याला ‘हे मला पटत नाही’ असं म्हणायची जागा राहते. मुद्द्याशी वाद घालता येतो आणि तरीही त्याच चर्चमध्ये जाता येतं.

माणसाच्या मागे उभं राहणं

या वाटेच्या बाजूने एकच गोष्ट सांगता येते: आडपडदा राहत नाही. बाकी सगळा तोटा.

पुन्हा भगवानगडच घ्या. ९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. जिल्हा जातीच्या ताणाने आधीच तापलेला. या हत्येवरून मंत्री धनंजय मुंडे यांच्या राजीनाम्याची मागणी होत असताना, जानेवारी २०२५ च्या अखेरीस त्याच महंतांनी गड मुंडे यांच्या पाठीशी असल्याचं जाहीर केलं. राज्यभर संताप उसळला. काही दिवसांतच देशमुख कुटुंब गडावर गेलं, त्यांनी आपली बाजू मांडली आणि त्यानंतर गड देशमुख कुटुंबाच्याही पाठीशी असल्याचं महंतांनी सांगितलं. मार्चमध्ये मुंडे यांनी मंत्रिपद सोडलं.

मला यात सर्वांत जास्त खटकतो तो क्रम. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांचं ऐकून घेणं आधी व्हायला हवं होतं, पाठिंब्याचे शब्द नंतर, किंवा मुळीच नाही. २०१६ च्या नकाराने गडाने जे कमावलं होतं ते एका पत्रकार परिषदेत पणाला लागलं. आणि एकदा माणसाच्या मागे उभं राहिलं की त्याच्या पुढच्या प्रत्येक कृतीचा जाब गादीलाही विचारला जातो.

कायद्याचंही पाहून ठेवा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार उमेदवाराने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी, धर्म-जातीच्या नावावर मत मागितलं तर तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवड रद्द होऊ शकते. यात मतदाराचा धर्मही येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन अशा बहुमताने स्पष्ट केलं. ते प्रकरण मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातलं होतं. शिवाय १९८८ चा धार्मिक संस्थांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा कायदा आहे. मंदिर, मशीद, चर्च किंवा मठाची जागा राजकीय प्रचाराला दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विश्वस्तांना हा कायदा क्वचितच माहीत असतो.

तरुण कीर्तनकारांनी तारीख घेतानाच फोनवर सांगून टाकावं: अन्नदात्यांची नावं वाचीन, पण सगळ्यांची सारखीच वाचीन, पद आणि पक्ष नाही, कीर्तन थांबवून सत्कार नको. काही तारखा जातील, एखादं पाकीट हलकं होईल. ज्या गावात ऊसतोडीची, पाण्याची, व्यसनाची, मुलींच्या लग्नाच्या वयाची गोष्ट काढायची आहे, तिथे ती चिंतनात काढा, आणि कीर्तनानंतर कुणी जाब विचारायला आलं तर त्याच्याशी बसून बोला. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही मतदान केंद्रात ठरवाच, तो हक्क गादीवर बसल्याने जात नाही.