मेल सर्व्हर दुरुस्ती: जागेवर येऊन नीट समजावणारा माणूस

नारायण पेठेतल्या आमच्या छापखान्यातून दोन दिवस एकही प्रूफ मेलने जाईना. डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा प्रोग्रॅम, त्याच्या लॉगमध्ये सारखं ‘नेम सर्व्हिस एरर’, म्हणजे समोरच्या सर्व्हरचा पत्ता सापडत नाही; पत्ता शोधणारी डिग ही कमांड मात्र तो बरोबर सांगायची. कोथरूडहून आलेल्या दादांनी आधी सगळं ऐकून घेतलं, मगच कीबोर्डला हात लावला. पोस्टफिक्स चरूटमध्ये, म्हणजे स्वतःच्या स्पूल फोल्डरात कोंडून, चालत असलं की मूळ रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ (पत्ते कोणत्या सर्व्हरला विचारायचे ते सांगणारी फाईल) न बघता स्पूलमधली तिची प्रत वाचतं. आमचा राऊटर बदलला, मूळ फाईल बदलली, प्रत जुनीच. दोन्ही फाईली शेजारी उघडून त्यांनी जुन्या आयपीवर बोट ठेवलं. पोस्टफिक्स रीस्टार्ट केल्यावर प्रत नवी झाली, अडकलेली पत्रं भराभर सुटली. किती हायसं वाटलं! यायला तासभर उशीर झाला, तरी पुन्हा यांनाच बोलावणार.